पास्कूमामा आणि शेवटचा ओरखडा

पास्कूमामांनी पहिल्याच भेटीत माझ्या नाकावरचा चष्मा न विचारता उतरवून घेतला. ओळख ना पाळख! भर दुपारी, वसई गावच्या बाजारात, मी दवाखान्यासाठी कापूस घ्यायला निघालो होतो. समोरून एक उंच, जरासा वाकलेला म्हातारा आला. त्यानं सरळ हात घालून माझा चष्मा काढला, काचेवर 'हा' करून श्वास सोडला, चष्मा उन्हात तिरका धरला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "सात."

"सात काय?" मी ओरडलो. चष्म्याशिवाय मला हातभरापलीकडचं दिसत नाही. म्हाताऱ्याच्या जागी मला फक्त एक उंच पांढरा ठिपका दिसत होता आणि मी त्या ठिपक्यावर ओरडत होतो.

"सात ओरखडे. डाव्या काचेत पाच, उजव्या काचेत दोन. तू झोपताना चष्मा उशाशी उपडा ठेवतोस."

हे अगदी खरं होतं. माझी आई हेच सांगून सांगून थकली होती. पण खरं असलं म्हणून काय झालं? परक्या माणसानं बाजारात सांगायचं? मी पुढचं काही बोलेपर्यंत तो पांढरा ठिपका गर्दीत मिसळून गेला आणि माझा चष्माही त्याच्याबरोबर गेला. जाता जाता ठिपक्यानं एवढंच सांगितलं, "उद्या पाचूबंदरला येऊन घेऊन जा. कोनालाही विचार, पास्कू काचवाला."

दुसऱ्या दिवशी चडफडत गेलो. चष्मा परत मिळाला. तो डोळ्यांवर चढवून दवाखान्यात आलो आणि भिंती किती मळल्या आहेत ते मला पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांच्या कोटावर चहाचा डाग होता, तोही दिसला. मी तो त्यांना दाखवला. डॉक्टरांना ते फारसं आवडलं नाही.

मी तेव्हा डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. म्हणजे पुड्या बांधायच्या, बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि डॉक्टर खेडोपाडी निघाले की त्यांची गाडी काढायची. लढाई संपून काही वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी मुंबईहून एक जुनी काळी मोटार आणली होती. तिचं पुढे येईलच. आधी मामा नीट सांगतो.

पास्कूमामा पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांपैकी. बाप, काका, भाऊ, सगळे होडीवरचे. हे एकटे असे निघाले की होडीत पाय ठेवला की पोट ढवळून यायचं. कोळ्याच्या पोराला होडी लागते ही गोष्ट घरच्यांनी दोन वर्षं लपवून ठेवली. शेवटी बापानं कंटाळून त्यांना मुंबईला एका चष्मेवाल्याच्या दुकानात चिकटवून दिलं. तिथे त्यांनी तीस वर्षं काचा घासल्या. परत आले ते दोन गोष्टी घेऊन. एक, सोनार दागिने उजळायला वापरतात तसल्या लाल पावडरीचा डबा. दोन, साहेबलोकांच्या टाकलेल्या जुन्या हॅटींचं एक गाठोडं. हॅटीची लोकर जाड आणि मऊ असते. तिचे तुकडे कापायचे, पाण्यात भिजवायचे, लाल पावडर लावायची आणि काचेवर फिरवत राहायचं. मामांचा सगळा धंदा एवढाच.

त्या पावडरीनं त्यांची बोटं कायमची लाल. बनियन लाल, चहाचा कप लाल, अंगणातल्या दोन पांढऱ्या कोंबड्या पाठीवर लाल. पावडरीत एक जरी खडा राहिला तर काचेचा सत्यानाश, म्हणून मामा ती पाण्यात ढवळून बाटल्यांत भरत आणि निवळायला ओट्यावर रांगेनं मांडून ठेवत. दारूबंदी नुकतीच आलेली. नव्यानं बदलून आलेल्या एका हवालदारानं ती रांग पाहिली आणि त्याचे डोळे चकाकले. त्यानं एक बाटली उघडली, हुंगली, आणि खात्री करून घ्यायला चांगला मोठा घोट घेतला. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, आता दोन दिस तुमचे दात आरशासारखे चमकतील." हवालदार पुन्हा त्या आळीत फिरकला नाही.

ओरखड्यांच्या मामांनी जाती पाडल्या होत्या. काचेवरून नख फिरवायचं. नखाला कळलाच नाही तर तो 'केस'. नख जरासं अडखळलं तर तो 'नख'. आणि नख तिथे थांबलंच तर तो 'काटा'. केस तासाभरात जातो, नखाला दिवस लागतो, काट्याच्या नादी लागायचं नाही. "काटा काढायला गेलास तर काचेत खड्डा पडतो," ते सांगत, "आनि खड्ड्यातून बघितलं की जग वाकडं दिसतं. त्यापेक्षा काटा बरा." दुसरं त्यांचं लाडकं बोलणं म्हणजे 'ओरखड्याची आई'. बहुतेक काचांत एक जुना, खोल ओरखडा असतो, आणि बाकीचे सगळे त्याच्या आजूबाजूला जमलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. "आधी आई शोध. ती गेली की पोरं आपोआप जातात." आणि तिसरं, जे ऐकून ऐकून पुढे माझ्या डोक्याला मुंग्या आल्या, ते म्हणजे "घाई केली की काच रुसते."

माणसाकडे मात्र ते बघतच नसत. चष्मा, घड्याळ, कंदिलाची काच, तसबिरीची काच, यांतून पलीकडे कुणी माणूस असेल तर असो. मला ते कितीतरी दिवस "अरे, सात" अशीच हाक मारत.

आता ती गाडी.

पाचूबंदरला एका घरी लग्न निघालं. नवरीच्या बापाला डॉक्टरांनी मोठ्या दुखण्यातून उठवलं होतं, म्हणून नवरी चर्चला जाईल ती डॉक्टरांच्या मोटारीतूनच, असा त्यानं हट्ट धरला. डॉक्टर हो म्हणाले. आदल्या दिवशी मीच गाडी नेऊन त्यांच्या अंगणात उभी केली. आता, लग्नघर म्हटलं की तिथल्या बायका काय करतात? घरातलं सगळं तांबं-पितळ बाहेर काढतात आणि राख, वाळू नि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसतात. हंडे झाले, कळशा झाल्या, परात झाली. मग त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. एवढी मोठी पाहुणी अंगणात आली आणि तिला तशीच मळकट ठेवायची? सहाजणी गाणी म्हणत गाडीवर तुटून पडल्या. पुढची काच तर त्यांनी दोनदा घासली, कारण नवरीचं तोंड त्या काचेतूनच दिसणार होतं.

लग्न छान पार पडलं. त्या दिवशी आभाळ होतं, कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर संध्याकाळी स्वतः गाडी घेऊन पश्चिमेकडे निघाले, मी शेजारी. वळणावर सूर्य समोर आला आणि काच एकदम पांढरी झाली. रस्ता गेला, झाडं गेली, समोर नुसतं दूध सांडल्यासारखं. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. खाली उतरून बघतो तर पुढ्यात हातभर अंतरावर म्हैस. ती हललीसुद्धा नाही. डॉक्टरच थरथरत होते.

मुंबईला विचारलं तर कळलं, काच विलायतेहून येईल, सहा महिने तरी धरा. मी कपाळाला हात लावला आणि पास्कूमामांकडे गेलो.

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग ओरखडे मोजायला सुरुवात केली. तीनशेच्या पुढे गेल्यावर एक लाल कोंबडी बॉनेटवर चढली आणि त्यांचा आकडा चुकला. तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले. "अरे सात, यात आई नाय. ही सगळी अनाथ पोरं हायत. अनाथ पोरं फार छळतात." मग म्हणाले, "आठ दिस. गाडी माज्या अंगनात लाव."

लावतानाही छळ. इकडे घे, तिकडे घे, मागे घे. गाडीचं डावं दार ओट्याला अगदी चिकटून हवं होतं. दार उघडलं तर सरळ ओट्यावर आलं पाहिजे. "उजेड इथंच बरा पडतो," ते म्हणाले. मला उजेडात काही फरक दिसला नाही, पण काचेच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

रोज दवाखाना मिटला की मी पाचूबंदरला चक्कर मारायचो. मामांनी गाडीवर जुनं शीड बांधून सावली केली होती. त्या शिडाखाली शिरलं की बाहेरचं सगळं लांब गेल्यासारखं वाटायचं. समुद्राचा आवाज, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, काठ्यांवर बसलेले कावळे. ओट्यावरच्या लाल बाटल्यांतून ऊन यायचं आणि गाडीच्या काळ्या दारावर गुलाबी डाग हलत राहायचे. मामांचा हात काचेवर गोल गोल फिरायचा. मध्येच ते थांबत, काचेवर तळवा ठेवत, गरम झाली असली तर पाणी मारून गप्प बसून राहत. पहिल्या दिवशी पंजाएवढी जागा साफ झाली. बाकी सगळीकडे धुकं आणि त्या पंजातून एक माड, त्याच्यामागे खाडीचं पाणी, असं चित्र दिसायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा माड आला. मी घाईत यायचो आणि तासभर बसून राहायचो. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

"कोन आलाय?" आतून आवाज यायचा. त्या कात्रीनमामी. मामांची बायको.

"मी, मामी. कंपाउंडर."

"कुठून आलास?"

"बाजारातून."

"वाटेत काय दिसलं?"

"काही नाही. रस्ता."

"रस्त्यावर काय होतं?"

आता काय सांगणार? मी आपला "माणसं होती" असं काहीतरी पुटपुटायचो. पुढे पुढे मी मुद्दाम वाटेत नजर टाकत यायला लागलो. कुणाच्या वाडीत केळीचे घड उतरवलेत, कुणाची गाय सुटली आहे. नाही तर मामी सोडत नसत.

मामींचं मला दवाखान्यामुळे माहीत होतं. चौदाव्या वर्षापासून त्या डोक्यावर मासळीची टोपली घेऊन गावोगाव फिरल्या. गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी. सहा वर्षांपूर्वी बंदरात भरल्या टोपलीनिशी घसरल्या आणि कमरेचं हाड गेलं. तेव्हापासून खाट आणि छपराची कौलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंथरुणावरून उचलून जवळपास बसवा, पण धक्का बसता कामा नये. मामांनी एकदा बैलगाडीतून माहेरी न्यायचा प्रयत्न केला होता, तर वसईच्या वेशीतच मामींची शुद्ध गेली.

आणि यंदा, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, त्यांची धाकटी बहीण अर्नाळ्याला वारली. अर्नाळा म्हणजे मामींचं माहेर. आई-बाप केव्हाच गेलेले, ही एकच बहीण त्या घरात राहिली होती, एकटी. मयताला मामींना जाता आलं नाही. त्या रडल्या नाहीत. कुणाशी बोलल्या नाहीत. नुसत्या कौलं बघत राहिल्या आणि जेवण चार घासांवर आलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. मला बाजूला घेऊन मात्र म्हणाले, "या बाई रडल्या तर वाचतील. माझ्याकडे त्याचं औषध नाही."

म्हणून गाडीच्या सहाव्या दिवशी मामा जेव्हा म्हणाले, "कात्रीन दोन दिस बरी जेवते हाय," तेव्हा मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की टॉनिक लागू पडलं. ते टॉनिक मीच बनवलं होतं. मी दोन दिवस छाती पुढे काढून फिरलो.

आठ दिवस झाले. "अजून दोन दिस," मामा म्हणाले. दहा झाले. "एक राहिलाय. काटा हाय." अकरा. बारा. इकडे डॉक्टर सायकलवरून फिरत होते. साखळीत अडकून त्यांच्या दोन पँटी फाटल्या आणि भुईगावच्या वाटेवर ते एकदा पेशंटसाठी नेलेल्या काढ्यासकट खंदकात गेले. ते मला काही बोलत नसत, नुसते फाटकी पँट दाखवत. माझं पित्त खवळलं. काट्याच्या नादी लागायचं नाही असं सांगणारा हाच म्हातारा ना? मग आता कुठला काटा काढत बसलाय?

त्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर सटकलो आणि चारच्या सुमारास, माझी वेळ नसताना, पाचूबंदरला पोचलो. आज गाडी घेऊनच जायची, काच रुसो नाही तर रडो.

शीड काढलेलं होतं. काच इतकी साफ झाली होती की आधी मला वाटलं काच काढूनच ठेवली आहे. आणि काचेपलीकडे, स्टिअरिंगच्या चाकामागे, पास्कूमामा बसले होते. शेजारच्या सीटवर उशा आणि गोधड्या रचून त्यांत मामी बसवल्या होत्या. ओट्याकडचं दार उघडंच होतं. मी बोंबलांच्या काठ्यांमागे थांबलो.

मामांनी तोंडानं घर्रर्र असा आवाज केला आणि गिअरचा दांडा ओढला. मग उजवा हात खिडकीबाहेर काढून वळणाची खूण केली. कोंबड्या बघत होत्या.

"हे नंदाखाल आलं," मामा म्हणाले. "डाव्या हाताला चर्च."

"डाव्या नाय, उजव्या," मामी म्हणाल्या. "तुमाला काय ठाव? तुमी मुंबईत काचा घासत होते. हळू घ्या. इथं कोपऱ्यावर एक बाय राहते, बोंबील हुंगून परत टोपलीत टाकते. थांबा. तिला आवाज देऊ दे."

मामा थांबले. म्हणजे त्यांनी घर्रर्र बंद केलं. मामींनी त्या अंगणात, त्या दोन माडांकडे बघत, अशी काही लांब, चढती हाक दिली की माझ्या अंगावर काटा आला. रोज आतल्या खोलीतून 'कोन आलाय' विचारणारा तो आवाज हाच होता, हे मला खरंच वाटेना.

मामांनी मला पाहिलं. ते हळूच उतरले, माझ्यापाशी आले आणि माझा दंड धरून मला काचेपुढे नेलं. "हा बघ," ते मोठ्यांदा म्हणाले आणि काचेवर लाल बोट ठेवलं. "काटा. अजून दोन दिस लागतील."

मी नख फिरवलं. काही नव्हतं. पुन्हा फिरवलं. पाण्यावरून बोट फिरवावं तसं नख गेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते, बहुधा पहिल्यांदाच, माझ्या चष्म्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"गाडी आली त्याच दिशी तिनं आतून इचारलं, गाडी कोनाची?" मामा खालच्या आवाजात म्हणाले. "बहीण गेल्यापासून पहिला शब्द. मी म्हटलं, तुला अर्नाळ्याला नेतो. गोधडीवरून ओढत आत बसवली. हलत नाय ना गाडी, म्हनून कळ येत नाय."

"अहो, मग मी सांगितलं असतं डॉक्टरांना! आणि बारा दिवस? गाडी जागची हलत नाही, तर एकदम अर्नाळ्यालाच का नाही पोचत?"

"तेच मी बोललो. ती म्हनते, येवढ्या लवकर कोनी पोचत नाय." मामांनी डोळे मिटले. "रोज एक पाऊल. दारोदार थांबायचं. आज नंदाखाल. उद्या आगाशी. परवा अर्नाळा. अरे, काचेबद्दल मी आजवर कोनाशी खोटं बोललो नाय. दोन दिस दे."

आलो होतो भांडायला. मी पुन्हा एकदा काचेवर नख फिरवलं आणि मामींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "हो मामा, आहे काटा. चांगला लागतोय नखाला."

डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ते सायकलच्या चाकात हवा भरत होते. "तू स्वतः नख फिरवलंस?" त्यांनी विचारलं. "हो." "मग राहू दे दोन दिवस. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मला चंदनसारला जायचंय, तिथे सायकलवर जमणार नाही. ओरखड्यासकट का होईना, गाडी आण." एवढं बोलून ते पुन्हा हवा भरायला लागले.

अर्नाळ्याच्या दिवशी मी चारलाच गेलो. मामी आधीच गाडीत बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, केस विंचरून चोपलेले. मला म्हणाल्या, "मागं बस. सीट रिकामी कशाला न्यायची?" मी मागे बसलो. मामांनी शर्ट घातला होता, बनियनवर नव्हते, यावरून मामला काय आहे ते ओळखावं.

घर्रर्र. आगाशीचं तळं मागे पडलं. मामी सांगत होत्या, मामा चाक फिरवत होते. इथं चढ हाय, इथं वाळू लागते, हळू घ्या. खारा वारा खिडकीतून आत येत होता, काचेतून ते दोन माड आणि त्यांच्यामागचं पाणी दिसत होतं, आणि खरं सांगतो, मला ते अर्नाळ्याचंच पाणी वाटायला लागलं होतं. मी मागच्या सीटवर पाय आखडून बसलो होतो, कारण वाटेत खड्डे आहेत असं मामींनी सांगितलं होतं.

मग मामी बोलायच्या थांबल्या. मामांनी थोडं पुढे घेतलं. "आता कुठं वळू गो?"

"वळायचं नाय. हेच घर."

घर्रर्र बंद झालं. कोंबड्यासुद्धा कुठे तरी गेल्या होत्या. मामी उशांतून मान वर करून समोर बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "दारात कोन हाय?"

मामांचे लाल हात चाकावर तसेच राहिले. मी मागून तोंड उघडलं होतं. कुणीतरी उभं करणारच होतो मी त्या दारात. शेजारीण, एखादी भाची, हसून हात हलवणारं कुणीतरी. एवढी वाट आणल्यावर या बाईला रिकामं दार कसं दाखवायचं? पण मामांनी समोरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

"कोन नाय गो," ते म्हणाले. "दार लावलेलं हाय."

मामींनी मान डोलावली. मग त्या रडायला लागल्या. आधी आवाज न करता, मग मोठ्यांदा, बहिणीचं नाव घेऊन, मयतात रडतात तशा. आळीतल्या दोघी-तिघी धावत आल्या आणि गाडीपासून लांबच थांबल्या. मामा मामींना उगी म्हणाले नाहीत. चाकावरचा एक हात काढून त्यांनी मामींच्या मांडीवर ठेवला, आणि ठेवणीतल्या लुगड्यावर लाल पंजा उमटला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू? चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि मला पुढचं काहीच दिसत नव्हतं.

मामींनी पदरानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं.

"चला," त्या म्हणाल्या. "घरी चला."

मामांनी आरशातून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. यायला तेरा-चौदा दिवस लागले होते, आणि गाडी तर सकाळी चंदनसारला जायची होती. या बाईला अर्नाळ्याला सोडून गाडी न्यायची कशी? डॉक्टरांना आता कुठला काटा सांगायचा, याची मी जुळवाजुळव करायला लागलो.

"मग आज आगाशीला थांबू?" मामांनी भीत भीत विचारलं.

"आगाशीला कशाला?" मामी म्हणाल्या. "इकडं येताना टोपली भरलेली असते, म्हनून दारोदार थांबायचं. रिकामी टोपली घेऊन कोन थांबतं?"

मामांनी दांडा ओढला. मामी उशांवर मान टेकून गावांची नावं घेत गेल्या. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज. कुठेही थांबलो नाही. चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत आम्ही पाचूबंदरला पोचलो.